पुढची आणि मागचा

गालगुंड झालं तिच्या जोडीदाराला आणि आयुष्य फिरलं तिचं. आजही ती म्हणते, त्यापेक्षा ते गालगुंड मलाच झालं असतं तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही, त्याला कोण काय करणार?

सकाळपासून पाऊस कोसळत होता. हॉलचं पत्र्याचं छप्पर जागोजागी गळत होतं, खाली बादल्या लावलेल्या, आणि बॅडमिंटन स्पर्धेच्या टेबलामागचे गृहस्थ एका हाताने छत्री नि दुसऱ्या हाताने सामन्यांचा तक्ता सांभाळत बसले होते. ती निथळत त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, माझा जोडीदार गाल फुगवून घरी पडलाय, आता मी काय करू? त्यांनी मान वर न करता शेजारच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे एक मुलगा ओले मोजे पिळत बसला होता. त्याची जोडीदारीण आदल्या दिवशी कुणाबरोबर तरी पळून गेली होती, आणि त्या गडबडीत आजच्या सामन्याची आठवण तिला कुठून राहणार?

"हाही उरलाय, तूही उरलीस," गृहस्थ म्हणाले. "खेळा एकत्र, नाहीतर दोघंही घरी जा. जाताना ती बादली तेवढी रिकामी करा."

दोघं एकमेकांकडे बघून हसली. कोर्टावर जाता जाता तो म्हणाला, मिश्र दुहेरी आहे, तर तू नेटजवळ पुढे आणि मी मागे. एवढं तिलाही ठाऊक होतं. मग त्याने एक नियम सांगितला.

"मागे वळून बघायचं नाही. काही झालं तरी."

"का? इतका वाईट दिसतोस?"

"बरा दिसतो... असं आई म्हणते. पण मी मारलेलं शटल तुझ्या खांद्यावरून जाणार. वळलीस तर थेट तोंडावर बसेल."

"आणि मागे तू आहेस की पळून गेलास, हे मला कसं कळायचं? तुमच्यात पळून जायची पद्धत दिसते."

"ऐकू येईन," तो म्हणाला.

आणि खरंच ऐकू आला. त्याचा डावा बूट जमिनीवर घासला की कुई असा आवाज यायचा. जोरात मारायच्या आधी त्याचा श्वास क्षणभर थांबायचा, मग 'हं' करून सुटायचा, आणि शटल तिच्या कानाशेजारून सणसणत जायचं. नावं विचारायला सवड कुठली? "मागच्या, तुझं!" असं ती ओरडली, "पुढची, सोड!" असं तो ओरडला, आणि तीच नावं चिकटली ती कायमची. त्या दिवशी दोघं स्पर्धा जिंकली. बादलीही त्यांनीच रिकामी केली.

त्या हॉलमध्ये शिकवणाऱ्या सरांनी तो सामना दारात उभं राहून पाहिला होता. सर कमी बोलायचे आणि बोलायचे ते टोचून. त्यांनी दोघांना ताब्यात घेतलं आणि पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. पहिली म्हणजे इशारे. सर्व्हिस करायच्या आधी पुढचीने हात पाठीमागे न्यायचा आणि मागच्याला बोटांनी सांगायचं. एक बोट म्हणजे शटल जवळ टाकते, दोन म्हणजे कडेला टाकते, आणि मूठ म्हणजे लांब टाकते, तू मागे सरक. मागच्याने जिभेने टक् करायचं, म्हणजे कळलं. दुसरी गोष्ट त्यांनी दोघांच्या डोळ्यांत बघून सांगितली. कोर्टावरची जोडी किंवा घरातली जोडी, यातली एकच ठेवा. दोन्ही ठेवायला गेलात तर घरातलं भांडण नेटवर येतं, आणि मी बसतो डोक्याला हात लावून.

दोघांनी माना डोलावल्या. तेव्हा त्यात काही अवघड वाटलं नव्हतं.

तो टपालखात्यात पार्सलांची वर्गवारी करायचा. सकाळी पार्सलं, दुपारी शटलं. तिच्या बाबांचं कुलपं दुरुस्त करायचं आणि चाव्या बनवायचं दुकान होतं, आणि त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात आई कपड्यांची उंची कमी-जास्त करून द्यायची. सराव संपला की तो तिला सोडायला बसने यायचा. शेजारची जागा रिकामी असली तरी तिच्या मागच्याच बाकावर बसायचा. विचारलं तर म्हणायचा, सवय. मग ती सीटच्या फटीतून हात मागे काढून एक बोट दाखवायची, म्हणजे पुढच्या स्टॉपवर उतरून चहा पिऊ. मागून टक् यायचं.

"तुझी बोटं बघितली की मला तुझा मूड कळतो," तो एकदा म्हणाला.

"आणि तोंड बघितलं की?"

"तोंड बघायला मिळतं कुठे? आख्खा दिवस वेणी बघतोय."

"वेणीत काही खोट आहे?"

"डावीकडे झुकते." मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "...आवडते पण."

ती पुढे तोंड करून बसली होती म्हणून बरं. तिचे कान लाल झालेले त्याला मागून दिसले असणारच. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिने आरशात पुन्हा पुन्हा वेणी पाहिली. आई शिलाई मशीनवरून म्हणाली, त्या मागच्याला कधीतरी पुढे बस म्हणावं, मला त्याचं तोंड नीट बघायचंय.

जोडी जमली म्हणजे अशी जमली की बघत राहावं. जिल्हा झाला, राज्य झालं, देशाचं विजेतेपद आलं, आणि मग ते दर वर्षी येतच राहिलं. पेपरात फोटो यायचे. फोटोतही तो तिच्या खांद्यामागे. अंतिम सामन्यात समोर बहुतेक वेळा एक उंचच उंच मुलगी असायची. हात वर केला तर दिवा काढेल अशी. ही दोघं तिला आपापसात शिडी म्हणायची. शिडी दर वेळी हरायची आणि दर वेळी येऊन मनापासून हात मिळवायची.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. देशातला सगळ्यात चांगला मागचा खेळाडू तिचा होता, आणि त्याचा खेळ तिने कधी पाहिलाच नव्हता. सगळं गाव ज्यावर टाळ्या वाजवायचं तो स्मॅश तिच्यासाठी फक्त एक आवाज होता. सर व्हिडिओ लावायचे तेव्हा ती आपल्याच चुका बघत बसायची. पण ऐकून ऐकून तिला तो इतका पाठ झाला होता की तो थकलाय, चिडलाय, त्याचा गुडघा दुखतोय, हे सगळं तिच्या पाठीला कळायचं. कुणी म्हणेल हे प्रेम कसलं, न बघता? पण होतं. जिवापाड होतं. आणि त्याचंही असावं असं तिला वाटायचं; 'असावं' एवढंच, कारण सरांचा नियम होता आणि दोघंही शहाण्यासारखी थांबली होती. ही स्पर्धा होऊ दे, मग ती होऊ दे. खेळाडूंना पुढची स्पर्धा नेहमी असतेच, आणि बोलायचं राहून जायचं ते जायचंच.

मग तो दिवस आला. जागतिक स्पर्धेसाठी देशातून एकच जोडी जाणार होती आणि त्यासाठीचा सामना होता. समोर शिडी आणि तिचा जोडीदार. मैदानात उतरायच्या आधी कोर्टाकडे जाणाऱ्या बोळात उभं राहून तो रॅकेटला नवी ग्रिप गुंडाळत होता. एकदा गुंडाळून झाली, त्याने ती सोडली आणि परत गुंडाळायला घेतली.

"आज सामना संपला ना... की तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार."

"आत्ता नको. आत्ता विचारलं तर खेळताना वळून बघशील."

"मी? इतक्या वर्षांत कधी वळले?"

"म्हणूनच म्हणतो, नंतर," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता मैदानाकडे निघाला.

झालं. शेवटपर्यंत तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. हात आपोआप खेळत होते आणि मन बोळात उभं होतं. तरी खेळ बहारदार झाला. अगदी शेवटी, एका गुणावर सामना आला आणि सर्व्हिस तिची. तिने हात पाठीमागे नेला. एक बोट दाखवायचं होतं. पण अंगात काय संचारलं कोण जाणे, त्या बोटाने तिने हवेत एक प्रश्नचिन्ह काढलं. वर गोल, खाली टिंब. काय विचारणार आहेस, सांग ना.

मागून टक् आलं नाही. त्याऐवजी हसू आलं. कोर्टावर तो कधीही हसला नव्हता, आणि आता तो खुदकन, दाबून दाबून हसत होता.

तिने सर्व्हिस टाकली. समोरून शटल उंच आलं, तिच्या डोक्यावरून मागे. डावा बूट कुई वाजला. आणि तो अजून हसतच होता. ते हसू कसं दिसतं हे बघायचा मोह तिला आवरला नाही. इतकी वर्षं आवरलेला मोह त्या एका क्षणी सुटला, आणि ती वळली.

तिने त्याला पाहिलं. हात वर, तोंडभर हसू, इतका सुंदर दिसत होता तो. मग डाव्या डोळ्यात काहीतरी फुटलं.

नेटखालून सगळ्यात आधी धावत आली ती शिडी. तिनेच आपल्या रुमालात बर्फ बांधून डोळ्यावर धरला. मागचा जागच्या जागी उभा होता. त्याच्या बुटाचा जरासुद्धा आवाज येत नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी शस्त्रक्रिया केली आणि मग आडपडदा न ठेवता सांगितलं. आतल्या पडद्याला इजा झालीय. त्या डोळ्याला उजेड कळेल, आकार कळणार नाही. आणि एकाच डोळ्याने जवळचं-लांबचं नेमकं कळत नाही. रोजच्या कामाची सवय होईल. खेळाचं... बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि वाक्य तिथेच सोडलं.

तिने लगेच हार मानली नाही. पट्टी निघाल्यावर ती सरांना घेऊन हॉलमध्ये गेली. सरांनी शटल हातात धरून, लहान मुलांना टाकतात तसं, अलगद तिच्याकडे टाकलं. तिने रॅकेट फिरवली. शटल पायाशी पडलं. सरांनी दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. सगळी तिच्या पायाशी. सर वाकून ती गोळा करायला लागले आणि वाकलेले ते लवकर वर उठलेच नाहीत. आपल्या सरांना रडताना बघणं फार वाईट, आणि आपल्यासाठी रडताना बघणं त्याहून वाईट. ती घरी आली, रॅकेटची पिशवी कपाटावर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पण हॉलमधून निघताना सरांनी तिला एक गोष्ट सांगितली होती. वाईट हेतूने नाही. उलट त्यांना वाटलं तिला माहीत असावं. एका मोठ्या अकादमीने मागच्याला बोलावलं होतं, शिडीबरोबर जोडी लावायला. त्या सामन्याच्या आठवड्यातच त्याला होकार-नकार कळवायचा होता. आता तो खेळायचंच नाही म्हणतोय, रॅकेट हातात धरत नाहीये. तू समजाव. तुझं गेलं ते गेलं, त्याचं तरी जायला नको.

तिला बोळातलं त्याचं बोलणं आठवलं. म्हणजे हे विचारायचं होतं त्याला? मी दुसरीबरोबर खेळू का, असं? आणि आपण खुळ्यासारखं हवेत प्रश्नचिन्ह काढत बसलो.

तो रोज यायचा. पार्सलांचं काम संपवून दुकानाच्या मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसायचा. ती चहा ओतायला गेली की धार कपाबाहेर पडायची, आणि तो फडक्याने पुसायचा. त्याचे गाल बसले होते, दाढी वाढली होती. एके दिवशी चहा पुसता पुसताच तो म्हणाला, "आपण लग्न करू."

ज्या वाक्यासाठी तिने वर्षं काढली ते वाक्य असं आलं, ओल्या फडक्याबरोबर.

"त्या दिवशी हेच विचारणार होतास?" तिने विचारलं.

तो तिच्या डाव्या बाजूला बसला होता. त्याचं तोंड तिला दिसत नव्हतं. तिने आजवर केलं तेच केलं, कान दिले. त्याचा श्वास थांबला. अगदी जोर काढून मारायच्या आधी थांबायचा तसा. मग तो म्हणाला, "हो."

तो श्वास तिला पाठ होता. मनाविरुद्ध, सगळं बळ एकवटून माणूस एखादी गोष्ट पार पाडतो, तेव्हाचा श्वास तो. तिने ओळखलं, किंवा ओळखलं असं तिला वाटलं. हा माणूस प्रायश्चित्त घेतोय. जन्मभर हा आपला चहा पुसत राहील, रॅकेटला हात लावणार नाही, आणि रोज सकाळी उठून आपला डोळा बघेल. हे प्रेम असतं तर ती सरपटत त्याच्यामागे गेली असती. दया मात्र तिला नको होती, आणि त्याची तर नकोच नको.

नुसतं नाही म्हटलं तर तो जाणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने असं काही शोधलं की तो गेलाच पाहिजे.

"तू समोर आलास की मला ते शटलच दिसतं," ती म्हणाली. "मला तुझं तोंड बघवत नाही. तू जा. खेळ, नाहीतर खेळू नकोस, पण इथे येऊ नकोस."

मग स्टूल सरकलं, फडकं त्याने घडी करून टेबलावर ठेवलं, आणि डावा बूट कुई करत दुकानातून बाहेर पडला. आईने आत येऊन विचारलं काय झालं म्हणून. ती म्हणाली, काही नाही, त्याला उशीर होत होता. मग आईच्या मांडीत डोकं खुपसून ती जी रडली, ती दिवे लागेपर्यंत. बरा डोळा आणि गेलेला डोळा दोन्ही सारखेच रडतात, एवढं तिला त्या दिवशी कळलं.

पुढे तो अकादमीत गेला. शिडीबरोबर खेळायला लागला. बातम्या पेपरात यायच्या. बाबा पेपर आधी वाचायचे आणि ते पान काढून ठेवायचे, आणि ती ते शोधून वाचायची. ती आता दुकानात बसायची. चावीच्या यंत्राला अंतराचा अंदाज लागत नाही. एका बाजूला जुनी चावी, दुसऱ्या बाजूला कोरी, आणि यंत्र जुनीच्या खाचा नवीनवर काढत जातं. गिऱ्हाईक कधीकधी निरखून बघायचं आणि विचारायचं, तुम्ही त्याच ना, बॅडमिंटनवाल्या? ती म्हणायची, छे, ती माझी बहीण. बहीण काय करते हल्ली, असं कुणी विचारलं की सांगायची, ती गेली.

त्या वर्षीच्या राष्ट्रीय अंतिम सामन्याचा पास सरांनी बाबांच्या हातात आणून दिला. ती जाणार नव्हती. आई म्हणाली, जाऊन ये एकदा, नाहीतर जन्मभर ते पान शोधत बसशील. म्हणून ती गेली. जागा मिळाली ती नेमकी कोर्टाच्या मागे, खालच्या रांगेत. म्हणजे त्याच्या पाठीमागे.

आयुष्यात पहिल्यांदा ती मागे होती आणि तो पुढे. त्याची पाठ एवढी रुंद आहे, मानेवर तीळ आहे, हे तिला माहीतच नव्हतं. त्याने स्मॅश मारला की तो अख्खा हवेत तरंगायचा. असा खेळायचा हा! आणि आपल्याला नुसता आवाज. शिडी पुढून बोटं दाखवायची, तो टक् करायचा. ते टक् तिला इतक्या गलक्यातही ऐकू आलं, आणि आपलं काहीतरी दुसऱ्याच्या घरात दिसावं तसं तिला झालं. दोघं जिंकली. तो हसला नाही.

गर्दी पांगेपर्यंत थांबून ती बोळातून निघाली, तर शिडीने तिला गाठलंच. गळ्यात पदक, चेहरा घामाने डबडबलेला. म्हणाली, ताई, मला तुमच्याशी बोलायचंय, मला लपवाछपवी जमत नाही. मग एका दमात सांगून टाकलं की त्या दोघांचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात. ते लोकांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून.

"चांगलं झालं," ती म्हणाली. आवाज बरा लागला, त्याचं तिलाच नवल वाटलं.

"मी कुणाच्या आड आले नाही ना, ताई? तो तुम्हालाच विचारणार होता, ते मला ठाऊक आहे. अकादमीने पहिल्यांदा बोलावलं तेव्हा त्याने नाही म्हणून कळवलं होतं. त्या सामन्याच्या आदल्या दिवशी. आमच्या सरांनी कारण विचारलं तर म्हणे, मी माझ्या पुढचीशी लग्न करणार आहे, जोडी बदलायचा प्रश्नच नाही. सगळ्या अकादमीत हसलो होतो आम्ही." शिडीने कपाळावरचा घाम पुसला. "नंतर तुम्ही नाही म्हणालात, म्हणून... मला मिळाला. मी त्याला जपते, ताई. रात्री दचकून उठतो असं त्याची आई सांगते. मी त्याच्यापुढे खेळताना कधी म्हणजे कधी वळत नाही."

आदल्या दिवशी. डोळा धड होता तेव्हा. तेव्हाच तो नाही म्हणून आला होता, तिच्यासाठी. आणि तो थांबलेला श्वास? अहो, गळा दाटून आलेल्या माणसाचाही श्वास थांबतोच की! त्याचं सगळं ऐकायला शिकली होती ती, पण रडू दाबताना तो कसा ऐकू येतो हे कोर्टावर कधी कळायची वेळच आली नव्हती. एकदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं असतं तर कळलं असतं. जिथे वळायचं नाही तिथे वळली, आणि वळायचं तिथे कान देऊन बसली.

शिडी उत्तराची वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या हातांनी तिने बर्फ धरला होता तेच हे हात, पदकाची फीत चुरगाळत होते.

"तू कुणाच्या आड आली नाहीस," ती म्हणाली आणि टाचा उंचावून तिच्या गालावरून हात फिरवला. "जा, फोटोला बोलावत असतील."

शिडी गेली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळाने दाराकडे वळली आणि चालायला लागली, तेवढ्यात मागून आवाज आला. कुई. नवे बूट घेतले तरी पाय तोच ना.

ती थांबली. तोही थांबला.

"पुढची," तो म्हणाला.

ती दाराकडेच तोंड करून उभी राहिली.

"एकच विचारतो. त्या दिवशी तू म्हणालीस, माझं तोंड बघवत नाही. ते... खरं होतं?" त्याचा श्वास थांबला होता. आता तिला तो नीट ओळखू येत होता. "खोटं होतं असं नुसतं म्हण. मी आत्ता, या पावली—"

या पावली तो येईल, याबद्दल तिच्या मनात तसूभर शंका नव्हती. पदक, अकादमी, लग्न, सगळं मागे टाकून येईल. मग तिकडे ती मुलगी बर्फाचा रुमाल घेऊन कुणाकडे जाईल? आणि पुन्हा तेच स्टूल, तेच फडकं, आणि पुन्हा कधी तो असा हवेत तरंगणार नाही. तिच्या ओठांवर एकच शब्द होता. तोंड उघडलं असतं तर तोच बाहेर पडला असता.

म्हणून तिने तोंड उघडलं नाही. हात पाठीमागे नेला. बोटं उघडी ठेवली तर थरथरतील, आणि तिची बोटं त्याला वाचता येतात, म्हणून तिने ती आत घेतली आणि घट्ट मूठ वळली. मागे सरक.

दूर कुठेतरी खुर्च्या गोळा करत होते.

मग अगदी हळू, टक्.

डावा बूट कुई वाजला, पुन्हा वाजला, लांब लांब गेला आणि एका दारापाशी बंद झाला. तिने मूठ सोडली नव्हती. नखं तळव्यात रुतली होती. दार लागल्याचा आवाज आला, तरी ती तशीच उभी राहिली.

आणि मग ती वळली. बोळाच्या टोकापर्यंत नुसते दिवे जळत होते.